ड्राफ्ट : एक उच्चार, दोन स्पेलिंगं आणि सगळी ओढाओढ

प्रश्न असा आलाय की आयटीआयच्या सर्टिफिकेटवर ड्राफ्ट्समन हा शब्द डी-आर-ए-यू-जी-एच-टी असा लांबलचक लिहिलेला असतो आणि बँकेत डीडी काढायला गेलं की फॉर्मवर डी-आर-ए-एफ-टी असतं, तर यातलं बरोबर कुठलं आणि एकाच शब्दाला इतके अर्थ कसे काय.

दोन्ही बरोबर आहेत आणि उच्चार दोन्हीचा ड्राफ्टच. लांब स्पेलिंग बघून लोक डॉटर, कॉट, टॉट याच्या चालीवर ड्रॉट म्हणतात, तसं नाहीये, हा शब्द लाफ, लाफ्टरच्या घरातला आहे, तिथला जीएच जसा फ होतो तसाच इथे. आणि मूळ एकच, जुन्या इंग्रजीतलं ओढणे या अर्थाचं क्रियापद, ज्यातून ड्रॉ, ड्रॅग हेही शब्द आले. म्हणजे ड्राफ्ट म्हणजे ओढण्याची क्रिया किंवा जे ओढलं, काढलं ते. आपल्याला हे समजायला खरंतर अजिबात जड जाऊ नये कारण मराठीत आपण गाडी ओढतो, रेघ ओढतो, बिडी पण ओढतो, आणि काढतो म्हणाल तर विहिरीतून पाणी काढतो, चित्र काढतो, बँकेतून पैसे काढतो, म्हणजे इंग्रजीने एका धातूतून जो पसारा मांडलाय तोच आपण दोन क्रियापदांत मांडलाय.

आता पसारा बघा. पिंपातून नळाने काढलेली ती ड्राफ्ट बिअर. एका दमात घशाखाली ओढलेला घोट तोही ड्राफ्ट, जुन्या इंग्रजी गोष्टींत झोपेच्या औषधाचा येतो तो. दाराच्या फटीतून येणारी गार वाऱ्याची झुळूक ड्राफ्ट. साखर कारखान्यात बॉयलरवर काम केलेल्या माणसाला एफडी (फोर्स्ड ड्राफ्ट) फॅन, आयडी (इंड्यूस्ड ड्राफ्ट) फॅन माहीत असतात, त्यातला डी हाच, एफडी भट्टीत हवा ढकलतो आणि आयडी धूर ओढून चिमणीकडे पाठवतो. सोंगट्यांचा जो खेळ अमेरिकेत चेकर्स म्हणतात त्याला ब्रिटिश ड्राफ्ट्स म्हणतात कारण पूर्वी पटावरच्या चालीला ड्राफ्ट म्हणायचे.

जहाजाचा ड्राफ्ट म्हणजे जहाज पाण्याखाली किती बुडालंय ते अंतर, पाण्याच्या पातळीपासून तळापर्यंत. जहाजाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला उभ्या ओळीत आकडे रंगवलेले असतात ते याचेच, मेट्रिकमधे असतील तर प्रत्येक आकडा 10 सेंटीमीटर उंच असतो आणि पाणी आकड्याच्या खालच्या कडेला टेकलं की तो ड्राफ्ट. पालघरच्या वाढवण बंदराच्या बातम्यांत सुमारे 20 मीटरचा नैसर्गिक ड्राफ्ट असं सारखं छापून येतं, तिथे बंदराच्या पाण्याची खोली म्हणायचं असतं. वापर रूढ झालाय त्यामुळे चूक म्हणणार नाही, पण मराठीत सरळ खोली लिहिलं तर वाचणाऱ्याला जास्त कळेल असं माझं ठाम मत आहे.

स्पेलिंगचा हिशोब ब्रिटिश पद्धतीत असा की वारा, घोट, बिअर, जहाज, ओढकामाचा बैल, सोंगट्या, जिथे खरोखर काहीतरी ओढलं जातं किंवा हलतं तिथे लांब, आणि कागदावर उतरतं ते, म्हणजे पत्राचा, कायद्याचा कच्चा मसुदा, बँकेचा डिमांड ड्राफ्ट, ओव्हरड्राफ्ट, हे सगळं छोटं. मसुदा करणे हे क्रियापदही छोटंच. अपवाद ड्राफ्ट्समनचा, नकाशे काढणारा माणूस कागदावरच काम करतो तरी ब्रिटिश त्याला लांब लिहितात आणि आपल्या आयटीआयच्या सिव्हिल, मेकॅनिकल ट्रेडच्या नावात तेच उतरलंय. अमेरिकेत मात्र सरसकट छोटं, सैन्यातली सक्तीची भरती जी त्यांनी 1973 मधे थांबवली तीही ड्राफ्ट, माणसं ओढून नेणं म्हणून.

यावरून काहीजण छोटं स्पेलिंग म्हणजे अमेरिकन फॅशन असं सांगतात ते चुकीचं आहे. 29 ऑगस्ट 1947 ला घटना समितीने डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली मसुदा समिती नेमली तिचं इंग्रजी नाव ड्राफ्टिंग कमिटी, छोट्या स्पेलिंगचं, आणि ती मंडळी पक्क्या ब्रिटिश वळणाचं इंग्रजी लिहिणारी होती.

सगळ्यात घातक गोंधळ वेगळाच आहे. दुष्काळाला इंग्रजीत ड्राउट म्हणतात, त्याच्या स्पेलिंगमधे आपल्या लांब ड्राफ्टमधला ए काढून ओ घातला एवढाच फरक, मूळ मात्र पूर्ण वेगळं, ते ड्राय म्हणजे कोरडं याच्या नात्यातलं. पशुसंवर्धनाच्या इंग्रजी पुस्तकात खिल्लारला ड्राफ्ट ब्रीड म्हटलेलं असतं, म्हणजे ओढकामाची जात, दुधाची नव्हे. ते घाईत ड्राउट वाचलं की मराठीत दुष्काळी भागातली जात असं होतं, आणि खिल्लारचं घर माणदेश, सांगोला, आटपाडी असा खरोखरच कमी पावसाचा पट्टा असल्यामुळे वाक्य अगदी शोभून दिसतं आणि चूक कोणाच्या लक्षातच येत नाही! मूळ माहिती बैलाच्या ताकदीबद्दल होती, झाली पावसाबद्दल. डांगी बैलाबद्दल हीच चूक केलीत तर मात्र लगेच उघडी पडेल कारण तो अकोले, इगतपुरीकडच्या मुसळधार पावसातला.

तर मेलमधे, अर्जात, बँकेत छोटं स्पेलिंग बिनधास्त वापरा. ड्राफ्ट्समनची नोकरी शोधत असाल तर फॉर्ममधे ट्रेडचं नाव सर्टिफिकेटवर आहे तसंच लांब लिहा, आणि ऑनलाइन जाहिराती शोधताना दोन्ही स्पेलिंगं टाकून बघा कारण खाजगी कंपन्या बऱ्याचदा छोटं लिहितात.