गेटवेच्या निवृत्त लाँचचं मॉडेल अमळनेरात बसून कसं करावं?

प्रश्न थोडक्यात असा: काका गेटवे ते घारापुरी जाणाऱ्या सहलीच्या लाँचवर इंजिन ड्रायव्हर होते. ती लाकडी, दुमजली लाँच आता मोडीत निघाली. हाताशी चार-पाच जुने फोटो आणि काकांच्या आठवणी आहेत. त्यावरून अमळनेरला घरीच, पाण्यात चालेल असं मॉडेल करता येईल का?

येईल. पण लाकूड आणायच्या आधी साल ठरवा. प्रवासी लाँच दुरुस्तीला काढली की दरवेळी थोडी बदलूनच पाण्यात उतरते. ताडपत्रीच्या जागी पत्रा येतो, बाकं सरकतात, इंजिन बदललं की धुराडं हलतं, रंग तर मालकाच्या मर्जीचा. सगळ्या फोटोंमधलं थोडं थोडं उचललंत तर कधीच नसलेली बोट तयार होईल, आणि काका ही चूक बघताक्षणी ओळखतील. ज्या सालचा, बाजूने सरळ घेतलेला फोटो असेल तेच साल धरा.

मापं काढायला मुंबईला जायची गरज नाही. नोंदणीच्या कागदाची झेरॉक्स घरात असेल तर लांबी-रुंदी-खोली मिळून जाईल. त्यावरचं ग्रॉस टनेज मात्र वजन समजू नका. ते आतल्या जागेचं माप असतं, जुन्या हिशेबात 1 टन म्हणजे 100 घनफूट. कागद नसेल तर फोटोत कठड्याला लावलेली लाइफ बॉय, म्हणजे बुडणाऱ्याला फेकायचं तरंगतं कडं, शोधा. तिचा बाहेरचा व्यास साधारण 75 सेंमी असतो. फोटोत ती 6 मिमी आणि लाँच 144 मिमी भरली, तर लाँच 18 मीटरची. ही मोजणी ज्या बाजूला बॉय टांगलीय त्याच बाजूच्या वस्तूंना लागू पडते. मधल्या केबिनला नाही, कारण ती कॅमेऱ्यापासून लांब असल्याने लहान दिसते. फोटोतल्या रंगावर विसंबू नका. जुने रंगीत फोटो लालसर पडतात. त्याच फोटोतला एखादा पांढरा शर्ट आता किती तांबूस दिसतो ते बघा आणि तेवढी लाली बाकीच्या रंगांतून मनाने वजा करा.

प्रमाण 1:24 घ्या. 18 मीटरची लाँच 75 सेंमी होईल, 5 मीटर रुंदी 21 सेंमी. 1:48 सुटसुटीत वाटतं, पण लांबी निम्मी झाली की वजन आठपटीने घटतं, आणि तेवढ्याशा वजनात मोटर, बॅटरी, दोन डेक बसवून बोट सरळ उभी ठेवणं फार कठीण जातं. गणित सोपं आहे. पाण्यापाशी लांबी 70 सेंमी, रुंदी 20, पाण्याखालची खोली 4.6, आणि बोटीचं पोट खोक्यासारखं चौकोनी नसतं म्हणून 0.45 ने गुणा: 2900 घनसेंमी, म्हणजे सगळं मिळून 2.9 किलो. याहून जड झाली तर बुडीची रेघ पाण्याखाली जाईल. म्हणून वरचा डेक आणि छत शक्य तितकं हलकं करा.

काकांना ‘रंग कोणता होता, बाकं किती होती’ असं विचारत बसू नका. विचारलं की माणूस अंदाजाने उत्तर देतो. पुठ्ठ्याचा मॉडेलच्या पूर्ण मापाचा डेक कापा, समोर ठेवा आणि म्हणा, तुम्ही खाली कुठून उतरायचात ते बोटाने दाखवा. इंजिनावरच्या झाकणाची जागा, शिडी, डिझेलची टाकी, सारंग (लाँच हाकणारा) वरून घंटा देत असेल तर तिची दोरी कुठून खाली यायची, थंड करणारं पाणी बाहेर फेकणारं भोक कोणत्या अंगाला होतं. इंजिनवाल्याचं त्या धारेवर सतत लक्ष असतं, कारण धार थांबली की इंजिन तापतं. ते भोक फोटोत दिसणार नाही, पण मॉडेलवर ते असायलाच हवं.

सांगाड्यासाठी 4 मिमी प्लायच्या फासळ्या कापा. मध्यभागी 6 सेंमीवर, टोकांकडे 3-4 सेंमीवर. वरच्या फळ्यांना पांगारा उत्तम, सावंतवाडीची खेळणी याच लाकडाची होतात. 2 मिमी जाड, 6 मिमी रुंद पट्ट्या काढा, नाळेकडच्या (पुढच्या टोकाच्या) वळणासाठी अर्धा तास गरम पाण्यात ठेवून वळवा आणि दोन्ही बाजूंना आळीपाळीने लावत जा. एक बाजू आधी पूर्ण केली तर कणाच वाकडा होतो. पट्ट्या अरुंद ठेवायचं कारण आपली हवा. लाकूड आडवं आक्रसतं, उभं नाही. पावसाळ्यात चिकटवलेली रुंद फळी एप्रिल-मेच्या 44-45 अंशांत हमखास फटी दाखवते. पट्ट्या महिनाभर घरातच ठेवून मग वापरा. गोंद साधा नको, मरीन फेविकॉल घ्या; आतून एपॉक्सीचा हात द्या, तोही पहाटे, कारण दुपारी तो वाटीतच घट्ट होतो. स्प्रेचा रंगही उन्हाच्या झळांत मारू नका. थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

कठड्यासाठी पंपाच्या मोटरी भरणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडे जा. 19 गेजची तांब्याची तार 1 मिमी असते, म्हणजे प्रत्यक्षातला इंची पाइप. एक टोक शिकंज्यात, दुसरं ड्रिलमध्ये पकडून ताणत हळू फिरवा. तार सरळही होते आणि ताठही. वरचं इनॅमल खरवडल्याशिवाय सोल्डरचा डाग धरत नाही. बाजूला टांगलेले ट्रकचे टायर जुन्या रबरी चपलेच्या तळव्यातून निघतात: 44 मिमी व्यास, 12 मिमी जाडी, मधे 21 मिमीचं भोक, कडा पॉलिश पेपरने गोल. केबिनच्या काचांजवळ फेवीक्विक वापरू नका, त्याच्या वाफेने ॲक्रिलिकवर पांढरी साय धरते.

बॅटरी 6 व्होल्ट, 4.5 ॲम्पिअर-तासाची लेड-ॲसिड घ्या. तिचं पाऊण किलो वजन कण्यावर खाली बसलं की तेच बोटीला सरळ ठेवतं. पंखा 30-35 मिमीचा, मोटर गिअरची. खरी लाँच 8 नॉटने जात असेल तर मॉडेलला सेकंदाला 0.84 मीटर पुरे (वेग 24 ने नाही, 24 च्या वर्गमुळाने भागायचा). जास्त पळवलं की सहलीची बोट वाटत नाही. वारा लहान होत नाही, तो दुमजली मॉडेलला सहज कलंडवतो, म्हणून आधी घरच्या हौदात हाताने 30 अंश कलवून सोडा. ती झटकन सरळ झाली नाही तर वरचं वजन काढा. नंतर शेततळ्यात चालवायची तर सकाळी वारा पडलेला असताना, बोटीला मासेमारीची बारीक दोरी बांधून. बोट अडकली तरी अस्तरावरून खाली उतरू नका. ओलं प्लास्टिक इतकं निसरडं असतं की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.