गाइडला ‘नाही’ म्हणायचं ते आकड्यांत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्कूबा डायव्हिंगचं सर्टिफिकेट ओपन वॉटरचं, म्हणजे पहिल्या पातळीचं, उतरण्याआधीच्या ब्रीफिंगमध्ये १८ मीटर ठरलेलं, पण गाइडने ग्रुपला २५ मीटरवर नेलं. तुमच्या गेजवर (टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारं मीटर) ८० बार उरले तेव्हा त्याने ‘ओके?’ विचारलं, तुम्हीही ‘ओके’ दिलं आणि पुढे गेलात. एवढ्या अनुभवी माणसाला आपण काय सांगणार?

सांगायचंच. गाइडच्या अनुभवाने तुमच्या टाकीतली हवा वाढत नाही. हिशोब करून बघा. टाकी १२ लिटरची. बडीची, म्हणजे जोडीदार डायव्हरची, हवा संपली आणि दोघं तुमच्याच टाकीवर वर येताय. पृष्ठभागाच्या मापाने प्रत्येकी मिनिटाला २० लिटर हवा धरा. घाबरलेला माणूस याहून जास्तच ओढतो. २५ मीटरवर दाब ३.५ बार, म्हणजे हवाही साडेतीनपट लागते: सावरण्यातल्या एका मिनिटात दोघांना १४० लिटर. मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने वर येताना साधारण २५०. पाच मीटरवर तीन मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येण्याआधीच्या सुरक्षेच्या थांब्याला, १८०. एकूण ५७० लिटर, म्हणजे जवळजवळ ४८ बार, आणि शिडीपाशी टाकी रिकामी. ८० बारला तुमच्याकडे २५ मीटरवर थांबायला जेमतेम पाच मिनिटं होती. ‘५० बारला वर निघू’ हा नियम १८ मीटरला चालून जातो, त्याहून खाली तो अपुरा पडत जातो.

चूक बहुतेक वेळा त्या ‘ओके’त होते. पाण्याखाली प्रश्न आणि उत्तर दोन्हींची खूण एकच, त्यामुळे हात सवयीने तेच परत करतो. गाइडला मात्र त्यातून एवढंच कळतं की या माणसाचं ठीक चाललंय. ठीक नसेल तर ओके द्यायचंच नाही. पंजा आडवा धरून हलवायचा आणि मग कारण दाखवायचं: गेज, कान, कॉम्प्युटर (खोली आणि खाली थांबायची उरलेली मिनिटं दाखवणारं मनगटावरचं यंत्र). आणि अंगठा वर म्हणजे ‘डायव्ह संपली, वर निघतोय’. ती विनंती नाही. समोरच्याने तोच अंगठा परत द्यायचा असतो. त्याने ओके केलं किंवा मान हलवली तर पुन्हा दाखवा आणि बडीला घेऊन ठरलेल्या वेगाने वर या. कोणत्याही डायव्हरला कोणत्याही क्षणी, कारण न देता डायव्ह संपवता येते. हा नियम गाइडलाही शिकवलेला असतो.

पण खरं बोलायचं ते बोटीवर, बडीच्या समोर. खाली वाद घालता येत नाही. ‘जरा भीती वाटतेय’ असं म्हणालात तर ‘काही होत नाही हो’ एवढंच मिळेल. आकडा सांगितला की उत्तर द्यावं लागतं: ‘मी १८ मीटरच्या खाली येणार नाही. ग्रुप खाली गेला तर माझ्यासोबत कोण?’ ‘१०० बारला मी खूण करेन, मग काय करायचं?’ ‘कुणी दिसेनासं झालं तर एक मिनिट शोधून वर यायचं ना?’ १०० आणि ५० बारच्या खुणा सगळीकडे सारख्या नसतात, त्या तिथेच विचारून घ्या. ऑक्सिजनचा संच कुठे आहे आणि आपण खाली असताना बोटीवर कोण थांबणार, हेही विचारा. चांगल्या गाइडला हे प्रश्न आवडतात. त्याला धास्ती असते ती गप्प बसणाऱ्याची.

उडी मारायच्या क्षणी कुणीतरी मागून टाकीचा व्हॉल्व्ह ‘नीट करून’ देतो. मदतीच्या भावनेनेच, पण उलटा फिरवून तो जवळजवळ बंदही होऊ शकतो. वर गेज २०० दाखवतं, श्वासही येतो. खोलीवर हवा ओढताना जड जातं. म्हणून तपासणीनंतर कुणाचाही हात लागला की म्हणायचं, ‘थांबा, पुन्हा बघतो.’ गेजवर नजर ठेवून रेग्युलेटरमधून (श्वासासाठी तोंडात धरायचा भाग) तीन-चार खोल श्वास घ्या. काटा प्रत्येक श्वासाला खाली जाऊन परत येत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही.

डायव्ह लांबवायला गाइड स्वतःचा ऑक्टोपस (दुसऱ्याला हवा द्यायचा जादा रेग्युलेटर) देऊ लागला तर नाही म्हणा. ती हवा अडचणीच्या वेळेची आहे, मासे बघण्यासाठी नाही. खाली उतरताना कान दुखत असतील आणि तो हात धरून ओढत असेल तर हात सोडवा, मीटरभर वर जा, कान मोकळे झाले तरच पुढे. प्रशिक्षण नसताना जहाजाच्या सांगाड्यात किंवा गुहेत शिरायचं नाही, तो पुढे शिरला तरीही. त्याच्या कॉम्प्युटरवर आपली डायव्ह करायची नाही. तो तुमच्यापेक्षा दोन-तीन मीटर वर असेल तर त्याची उरलेली मिनिटं तुमची नव्हेत.

वर आल्यावर गाइडला बाजूला घेऊन कॉम्प्युटरमधली डायव्हची नोंद दाखवा: ‘१८ ठरलं होतं, इथे २५ आहे. पुढच्या डायव्हला काय?’ त्याने उडवून लावलं तर दुसरी डायव्ह सोडा, पैसे गेले तरी. आणि सांधे दुखणं, मुंग्या, चक्कर, विचित्र थकवा यातलं काहीही जाणवलं तर ‘जड उचललं असेल’ म्हणून गप्प राहू नका. ही दाब कमी होताना होणाऱ्या डीकम्प्रेशनच्या आजाराची लक्षणं असू शकतात. लगेच सांगा आणि ऑक्सिजन मागा.