सहकाऱ्याला मिसिसिपी नदी कनूने (वल्ह्यांनी चालवायच्या निमुळत्या नावेने) उतरून माजी सैनिकांच्या मानसिक आरोग्याबद्दल जनजागृती करायची आहे. तयारी काय लागेल, दिवसाला किती अंतर पडेल, आणि याचा खरंच उपयोग होतो का?

आधी तारीख बदला. मग बाकीचं बोलू.

तुम्ही लिहिलंय की अमेरिकी लष्करातून निवृत्त झालेला तुमचा सहकारी आणि त्याचा जुना साथीदार एका कनूत बसतील, तुम्ही गाडी घेऊन किनाऱ्याने जाल. 28 ऑगस्टला मिनेसोटातल्या इटास्का तलावातून निघायचं आणि 75 दिवसांनी, 11 नोव्हेंबरला, तिथल्या माजी सैनिक दिनी न्यू ऑर्लीन्सला पोहोचायचं. नावेवर मोठा 22 आकडा रंगवायचा, म्हणजे दिवसाला आत्महत्या करणाऱ्या माजी सैनिकांचा म्हणून सांगितला जाणारा. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण अशा मोहिमांना किनाऱ्यावरून हात देणाऱ्या आमच्या गटात या दोन गोष्टींवरून वर्षानुवर्षं वाद चालू आहे: आकडा आणि तारीख.

अंतराचा हिशोब सोपा आहे. उगम ते समुद्र ढोबळमानाने 3,770 किमी, न्यू ऑर्लीन्सपर्यंत 3,600 च्या आसपास, म्हणजे रोज सरासरी 48. या सरासरीला काही अर्थ नाही. बेमिजीपर्यंत नदी चक्क उत्तरेला जाते, गुडघाभर पाणी, आडवी पडलेली झाडं, बीव्हरने घातलेले बांध. तिथे दिवसभर राबून 25 किमी झाले तरी खूप. सेंट लुईसच्या खाली धरण नाही की लॉक (नावांना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी, दरवाजे असलेली पाण्याची खोली) नाही, प्रवाह अंगावर घेतला तर 80 किमीही जमतात. पण शरदात पाणी उतरतं, प्रवाह मंदावतो. 2022 आणि 2023 या दोन्ही वर्षी ऑक्टोबरमध्ये मेम्फिसला पातळी विक्रमी खाली गेली होती. वर मागे पडलेलं खाली भरून काढू, हा बेत तिथेच फसतो.

तारखेचा खरा धोका दिसतो तो विनिबिगोशिश तलावावर. तलाव प्रचंड आणि उथळ, त्यामुळे वारा सुटला की अर्ध्या तासात आखूड, उभ्या लाटा उठतात आणि भरलेल्या कनूच्या काठावरून पाणी आत येतं. किनाऱ्याला धरून, पहाटे निघून, दुपारच्या आत पलीकडे जायचं; वारा असेल तर तंबूत पडून राहायचं, दोन दिवस लागले तर दोन दिवस. पोस्टरवर तारीख छापलेली असली की कोणी पडून राहत नाही. मधून सरळ कापतात. त्यात बहुतेक माजी सैनिकांच्या अंगात ‘ठरलेलं काम पुरं करायचं’ हे इतकं मुरलेलं असतं की थांबणं म्हणजे हार वाटते. ज्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं कमी करायला निघालात, त्याच्या डोक्यावर तुम्ही आणखी एक मुदत ठेवताय.

शरदाचं आणखी एक कोणी सांगत नाही. बदकांच्या शिकारीचा हंगाम मिनेसोटात सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो आणि पक्षी दक्षिणेला सरकतात तसा खाली सरकत जातो. म्हणजे तुमची नाव आणि बंदुका बरोबरच उतरणार. पहाटेच्या अंधारात, तंबूपासून दोनशे मीटरवर, न सांगता गोळीबार. ज्याला लढाईनंतरच्या मानसिक आघाताचा त्रास आहे त्याच्यासाठी ही सहल नव्हे. मेच्या मध्यावर निघा. मग 4 जुलैचे, तिथल्या स्वातंत्र्यदिनाचे, फटाके आडवे येतात, पण ती रात्र आधीपासून माहीत असते. गाव टाळून एखाद्या बेटाच्या मागे मुक्काम टाकता येतो.

आता लॉक आणि बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू नावा. मिनियापोलिसचं अप्पर सेंट अँथनी फॉल्सचं लॉक 2015 पासून बंद आहे, तिथे नाव चाकांवर घालून वळसा घ्यावा लागतो. खालच्या लॉकना नावेतल्या रेडिओवरून चॅनल 14 वर हाक द्यायची, रेडिओ लागला नाही तर भिंतीच्या टोकाशी लोंबणारी दोरी ओढायची. आत वरून दोर सोडतात तो नुसता हातात धरायचा, नावेला बांधायचा नाही, कारण पाणी उतरतं आणि बांधलेली नाव भिंतीला लटकते. मालवाहतूक आधी. बहुतेक लॉकची लांबी 183 मीटर. 15 बार्जचा टो, म्हणजे एकत्र बांधून एका बोटीने ढकललेला ताफा, त्यात एकदम मावत नाही, तोडून दोनदा न्यावा लागतो आणि त्यात दीड-दोन तास सहज जातात. मिसुरीचा संगम झाला की लगेच डावीकडे चेन ऑफ रॉक्सच्या कालव्यात शिरायचं. मुख्य प्रवाहात पुढे खडकांचा बंधारा आहे.

लोक चालत्या टोला घाबरतात. घाबरावंच, पुढ्यातलं काही शे मीटर पाणी कप्तानाला दिसत नाही आणि थांबायला त्याला दीड किलोमीटर लागू शकतो. ‘वळणाच्या आतल्या अंगाला राहा’ हा सल्ला सगळीकडे वाचाल, तो अर्धाच खरा आहे. प्रवाहाबरोबर उतरणारा टो बाहेरच्या अंगाला घसरतो, तेव्हा आतली बाजू ठीक. पण चढणारा टो संथ पाणी शोधत नेमका आतल्या टोकाला चिकटून येतो. म्हणून वळणाच्या आधी चॅनल 13 वर विचारायचं, बॅटन रूजच्या खाली 67 वर: मैलाचा आकडा, दोन माणसांची कनू, उतरतोय, कुठल्या किनाऱ्याला आहोत. बहुतेक कप्तान नीट उत्तर देतात. टो गेल्यावर त्याच्या पंख्यामागे उभ्या लाटांची रांग राहते, तिच्यात लगेच घुसू नका.

पण माणूस खाणारे बार्ज उभे असतात. सेंट लुईस, मेम्फिस, बॅटन रूजच्या आसपास किनाऱ्याला रांगेने बांधलेले. त्यांचं पुढचं तोंड खालून तिरकं कापलेलं असतं आणि अख्खा प्रवाह त्या तिरक्या पत्र्याखाली घुसतो. नाव आडवी जाऊन टेकली की प्रवाहाकडचा काठ पाण्याखाली जातो, नाव उलटते आणि माणूस बार्जच्या पोटाखाली खेचला जातो. लाइफजॅकेट त्याला तळाशी दाबून धरतं. लांबून पाहिलं तर पाणी गुळगुळीत दिसतं, फक्त बार्जच्या तोंडाशी फेसाची बारीक पट्टी. ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. किमान अर्धा किलोमीटर आधी मधल्या पाण्याकडे सरकायला लागा. लघवीला, फोटोला, फोन करायला म्हणून बार्जच्या वरच्या अंगाला किनारा कधीही धरू नका.

सामानाचं बाकी तुम्हाला माहीत असेलच. मिनियापोलिसच्या खाली नदीचं पाणी गाळून पिऊ नका, शेतातून येणारा नायट्रेट आणि फवारणीची औषधं साध्या फिल्टरने जात नाहीत. माणशी रोज किमान 4 लिटर, उन्हाळ्यात जास्त, आणि खालच्या नदीत चार-पाच दिवसांचा साठा नावेत.

औषधांकडे मात्र कोणी बघत नाही, आणि मोहिमा तिथेच फिसकटतात. लिथियम घेणारा माणूस उन्हात वल्हवून सुकला आणि खांदे दुखतात म्हणून आयबुप्रोफेन घेत राहिला, तर रक्तातलं लिथियम विषारी पातळीला जाऊ शकतं. हात थरथरणं, जुलाब, तोल जाणं ही लक्षणं थकवा म्हणून सोडून दिली जातात. वाईट स्वप्नांसाठी प्राझोसिन देतात, त्याने रक्तदाब उतरतो. बसल्या जागेवरून झटकन उठून निसरड्या दगडावर पाय ठेवला की भोवळ. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिनच्या गोळ्या भिजून दोन दिवस चुकल्या तरी चक्कर, मळमळ, चिडचिड सुरू होते. सगळी औषधं पाणी न शिरणाऱ्या दोन वेगळ्या पिशव्यांत निम्मी-निम्मी, आणि निघण्याआधी डॉक्टरांना ‘तीन महिने उन्हात, पाण्यावर’ हे याच शब्दांत सांगायचं. हे वाचून कोणी स्वतःहून गोळ्या बदलू नयेत, ते काम डॉक्टरांचं.

झोपेचं पण तसंच. टो ढकलणाऱ्या बोटीचा, टोबोटचा, सर्चलाइट रात्री वाळूच्या बेटावरून फिरतो आणि तंबू दिवसासारखा उजळतो, इंजिनाची धडधड जमिनीतून पाठीला लागते. तंबू मुख्य प्रवाहाकडे नको, बेटामागच्या फाट्याकडे टाका.

उपयोग होतो का, हा तुमचा प्रश्न. नदीने आजार बरा होत नाही. होतं काय, कनूत मागचा माणूस पुढच्याची फक्त पाठ बघत असतो, आणि डोळ्याला डोळा न भिडवता, हात कामात असताना, पुरुष बोलतात. घाटावर भेटायला आलेला तिथला म्हातारा फौजीही बोलतो, त्याच्यासोबत तासभर बसायला वेळ असेल तर. एका मोहिमेत मी पाहिलं, तसा एक जण टोपी हातात घेऊन घाटाच्या पायऱ्यांवर उभा होता, आणि आयोजकांनी दहा मिनिटांत फोटो उरकून नाव ढकलली, कारण पुढच्या गावात महापौर थांबले होते. त्या आयोजकांशी माझं अजून पटत नाही.

आता 22. ‘दिवसाला 22 माजी सैनिक आत्महत्या करतात’ हे व्हीएच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याच्या, 2012 सालच्या अहवालातून आलेलं. तेव्हा हाताशी फक्त 21 राज्यांचे मृत्युदाखले होते, त्यावरून बांधलेला तो अंदाज. खात्याचेच नंतरचे आकडे बघा: 2021 साली 6,392, दिवसाला सुमारे 17.5. हेही भयंकरच. पण बाजूला आकडा रंगवून गेलेल्या नावेकडे बघून अडचणीतल्या माणसाला एवढंच कळतं की आपल्यासारखे सगळे असेच संपतात. त्या जागी फोन नंबर लिहा: 988, मग 1 दाबा. मेसेजसाठी 838255. खालच्या नदीत बरेच पट्टे सिग्नलशिवाय आहेत, म्हणून उपग्रहावर चालणारा मेसेंजर हवा आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही, गाडीत.

छापील कार्डावर हेही घाला: जानेवारी 2023 पासून जीव द्यायच्या विचारांत अडकलेल्या बहुतेक माजी सैनिकांना कुठल्याही रुग्णालयात तातडीचे उपचार मोफत मिळतात, व्हीएत नाव नोंदलेलं नसलं तरी. घाटावर भेटणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना हे माहीत नसतं. आणि शंका आली तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने डोक्यात तसलं काही भरत नाही. नावेत पिस्तूल नको, ‘रात्री भीती वाटते’ म्हणूनसुद्धा. अमेरिकेत या आत्महत्यांपैकी दहांतल्या सात बंदुकीने होतात. घरातल्या बंदुकांच्या किल्ल्याही निघण्याआधी विश्वासातल्या माणसाकडे द्या आणि परत आल्यावर लगेच मागू नका.

परत आल्यावरचे दिवस सगळ्यात वाईट असतात. तीन महिने रोज उठून काय करायचं ते ठरलेलं, मग एकदम काहीच नाही, फोनवरची शाबासकीही आठवड्यात आटते. समुपदेशकाची वेळ इटास्काला जायच्या आधीच घेऊन ठेवा, परतल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली. व्हीएच्या समुपदेशन केंद्रांत, म्हणजे व्हेट सेंटरमध्ये, लढाईवर गेलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना हे फुकट मिळतं.

खर्चाचं राहिलं. तो गाडी, मुक्काम आणि नाव आधीपासून आहे की नाही यावर इतका बदलतो की इथे आकडा टाकण्यात अर्थ नाही. आणि बॅटन रूजच्या खाली समुद्री जहाजं सुरू होतात. न्यू ऑर्लीन्सचाच अट्टाहास नसेल तर त्याआधीच ओल्ड रिव्हर लॉकमधून अट्चाफलाया नदीत शिरा, बरेच जण तसंच करतात. फक्त त्या लॉकच्या वर उजव्या किनाऱ्याला नदीचं पाणी ओढून घेणारे दरवाजे आहेत, पाण्याचा मोठा भाग तिकडे वळतो. ते पूर्ण मागे पडेपर्यंत डावा किनारा सोडू नका, मगच लॉककडे आडवं कापा.