वाचकांचे प्रश्न: जहाजाचा फोटो पाठवण्याआधी

प्रश्न: हजीरा-घोघा फेरीतून मालवाहू जहाजांचे फोटो काढले. सगळे पांढरट, धुरकट आले. फोटो दुरुस्तीच्या अ‍ॅपमधला 'डीहेझ' (धुरकटपणा कमी करणारा स्लाइडर) वाढवला तर पाणी मातकट तपकिरी झाले आणि जहाजाभोवती उजळ कड दिसू लागली. काय करावे? (एक वाचक, मांजलपूर, वडोदरा)

उत्तर: पाण्याचा रंग बिघडलेला नाही. नर्मदा, तापी, मही आणि साबरमती खंभातच्या आखातात गाळ आणून टाकतात आणि तिथली जबर भरती-ओहोटी तो खाली बसू देत नाही. धुरकटपणाखाली झाकलेला रंग उघडा पडला, इतकेच. तो ओढूनताणून निळा करू नका. आखात ज्याने पाहिले आहे त्याला असा फोटो पाहताक्षणी खोटा वाटतो.

कड मात्र खरोखरच डीहेझची. हे साधन आजूबाजूचा उजेड बघून जागोजागी वेगळा फरक वाढवते, त्यामुळे गडद जहाज आणि उजळ आकाश जिथे भिडतात तिथे ते चुकते. म्हणून सुरुवात 'लेव्हल्स'ने (काळ्या-पांढऱ्याची हद्द ठरवणाऱ्या साधनाने) करा. धुरकट फोटोच्या हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, डावीकडचा गडद भाग रिकामा असतो. काळ्याचा त्रिकोण आलेख सुरू होतो तिथपर्यंत आणा. लाइटरूममध्ये 'ब्लॅक्स' सरकवताना ऑल्ट दाबून धरलात, तर पूर्ण काळे पडणारे भाग दिसतात. ते ठिपक्यांएवढे दिसू लागले की थांबा. निम्मे काम इथेच होते. मग डीहेझ १० ते २०, तोही मास्क लावून (म्हणजे तेवढीच जागा निवडून) फक्त जहाजावर, कारण लांबच्या जहाजाच्या आणि तुमच्या मध्ये जेवढे धुके असते तेवढे जवळच्या पाण्यावर नसते. डीहेझने रंगही भडक होतात, तेव्हा सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) ५ ते १० ने खाली घ्या. धुराड्याचा रंग बहुधा कंपनीची ओळख असतो, म्हणून तिथे जास्तच जपा.

केबिनचे पांढरे मजले जळून सपाट झाले असतील, तर त्याचे कारण फोटो काढतानाचेच. चौकटीत जहाजाची काळी बाजू मोठी असली की कॅमेऱ्याला दृश्य अंधारे वाटते, तो उजेड वाढवतो आणि पांढरा रंग हातातून जातो. रॉ फाईल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) असेल तर 'हायलाइट्स' उणे ४० ते ६० केल्यावर खिडक्यांच्या ओळी बऱ्याचदा परत येतात. जेपीईजीमध्ये तो भाग २५५ वर, म्हणजे पूर्ण पांढऱ्यावर, पोचलेला असेल तर तिथे तपशील उरतच नाही. स्लाइडर खाली ओढलात तर पांढऱ्याचे राखाडी होईल, एवढेच. पुढच्या खेपेस कॅमेऱ्यातले एक्स्पोजर (उजेडाचे माप) उणे दोन-तृतीयांश ठेवून काढा.

भर दुपारी लांबच्या जहाजाच्या कडा थरथरल्यासारख्या येतात, तो तापलेल्या हवेचा परिणाम. त्यावर कुठलाही स्लाइडर नाही. शार्पनिंगने ती थरथर आणखी ठळक होते.

प्रश्न: क्षितिज सरळ केले की डोलकाठी तिरकी दिसते. खरे कोणाचे मानावे? (दांडिया बाजार)

उत्तर: क्षितिजाचे. माल किंवा इंधन असमान भरलेले असेल तर जहाज खरेच एका बाजूला कललेले असते, आणि काही जहाजांची डोलकाठी व धुराडे बांधतानाच मागे झुकते ठेवलेले असतात. फक्त तुम्ही क्षितिज म्हणता ती किनाऱ्याची रेषा नाही ना, ते बघा. किनारा तिरका लांब जात असेल तर ती रेषा फोटोत उतरतीच येणार. जहाजाची जलरेषाही (पाणी जहाजाला टेकते ती रेषा) तशीच. अशा वेळी चौकटीच्या मध्याजवळचा दिव्याचा खांब किंवा इमारतीची उभी कड प्रमाण धरा. लेन्सची दुरुस्ती आधी आणि फिरवणे नंतर. उलट केलेत तर कडेला वाक राहतो. फिरवल्यावर कोपरे कापले जातात, म्हणून काढतानाच चारी बाजूंनी जागा सोडा.

प्रश्न: जहाजाचे नाव पुसट आहे. एआय वापरून स्पष्ट करू का? (अलकापुरी)

उत्तर: नको. एआय अक्षर ओळखत नाही, अंदाजाने रचते. 'ओ'चा 'क्यू' करून मोकळे होते आणि चुकीचे नाव फोटोबरोबर फिरत राहते. शिवाय नाव बदलते. अलंगला तोडायला येणारी जहाजे अनेकदा शेवटच्या खेपेसाठी नवे नाव घेऊन येतात. आयएमओ क्रमांक (जहाजाचा सात अंकी ओळख क्रमांक) मात्र जन्मभर तोच राहतो. फोटोच्या प्रतीवर त्या क्रमांकाचा तेवढाच भाग २०० टक्के मोठा करून कॉन्ट्रास्ट वाढवा, अंक वाचा आणि पडताळा. पहिल्या ६ अंकांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज करा. बेरजेचा शेवटचा अंक हाच सातवा अंक हवा. ९०७४७२९ घेतला तर ६३ + ० + ३५ + १६ + २१ + ४ = १३९, शेवटी ९, म्हणजे जुळले.

एक फट आहे. इंग्रजी ३ आणि ८ गंजात हमखास सारखे दिसतात, आणि दुसऱ्या, चौथ्या किंवा सहाव्या जागी ही अदलाबदल झाली तर बेरजेत १०च्याच पटीचा फरक पडतो. हिशेब तरीही जुळतो. तिथे दुसरा फोटो बघूनच खात्री करा.

प्रश्न: आकाशातले काळे ठिपके काढावेत का? (रावपुरा)

उत्तर: सेन्सरवरची धूळ असेल तर जरूर. तोच ठिपका पुढच्या फोटोतही त्याच जागी असेल, तर ती धूळ. लेन्सचे छिद्र लहान असताना, म्हणजे एफ-१६ ला, ती उठून दिसते, एफ-८ ला फारशी नाही. पक्षी, अँटेना, झेंड्याच्या दोऱ्या यांना हात लावू नका.

प्रश्न: संगणकावर फोटो धारदार दिसतो, पाठवल्यावर पिचपिचीत. (सयाजीगंज)

उत्तर: शार्पनिंग आधी आणि लहान करणे नंतर, असा क्रम झाला असणार. लांब बाजू १६०० पिक्सेल करा, मग अनशार्प मास्क (धार वाढवणारे साधन): त्रिज्या ०.५ ते ०.६, प्रमाण ६० ते ८० टक्के. डोलकाठीच्या तारांभोवती पांढरी रेघ दिसली की प्रमाण कमी करा. एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत, जेपीईजी दर्जा ८५ ठेवून जतन करा. अ‍ॅडोब आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीत ठेवलेला फोटो दुसऱ्याच्या फोनवर फिका दिसू शकतो. दुरुस्ती दर वेळी मूळ फाईलवरून करा, कारण जेपीईजी पुन्हा पुन्हा जतन केल्याने तारांभोवती कचरा साठत जातो.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो पुन्हा दाबला जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मात्र तेव्हा फाईलमधली जीपीएसची नोंदही जशीच्या तशी जाते. नको असेल तर एक्स्पोर्ट करतानाच ती काढा आणि तारीख तेवढी राहू द्या.