नौका सख्खी, भार सावत्र

प्रश्न : मुलगा जहाजावर नोकरीला आहे, सध्या ग्रीसमधल्या पिरियस बंदरात. 'शिप' आणि 'हेवी'ला ग्रीकमध्ये काय म्हणतात? – एक आई, निपाणी

उत्तर : ताई, जहाजाला आज 'प्लिओ' म्हणतात, रोजच्या बोलण्यात 'करावी'. प्राचीन शब्द मात्र 'नाउस', आपल्या 'नौ'चा सख्खा भाऊ! जडला 'वरिस', वजनाला 'वारोस'. प्राचीन उच्चार 'बरुस', 'बारोस'. बॅरोमीटर त्यातलाच.

खानापूरला आमची आजी जोंधळ्याचं पोतं हलवताना "लई भार हाय रे" म्हणायची. 'बारोस' ऐकला की तोच भार आठवतो, पण नातं तिथं नाही. 'भार'चं नातं ग्रीक 'फेरो'शी, म्हणजे वाहून नेणं. 'बरुस'चं नातं 'गुरू'शी. संस्कृतात गुरू म्हणजे जड! मुलाला हे जरूर कळवा.