मुलीला समजावण्याआधी तिचं ऐका

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनीअर आहे. आठ महिन्यांपूर्वी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला लागली. साहेब सगळ्यांसमोर ओरडतात, रात्री फोन करतात, म्हणून नोकरी सोडायची म्हणते. दोन वर्षांचा बाँड आहे, मोडला तर एक लाख भरायचे. पोलीस केस होईल का? मी एसटीत तीस वर्षं काढली, साहेबांचं सगळं सहन केलं. तिला समजवा. मी साहेबांशी बोलू का? की एमपीएससी करायला सांगू? हल्ली ती आमचा फोनही उचलत नाही. – एक पालक, संगमनेर

उत्तर : मुलगी फोन उचलत नाही, हे तुम्ही अगदी शेवटी लिहिलंत. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. दिवसभर बोलणी खाऊन ती खोलीवर येते आणि घरूनही ‘सहन कर’ हेच कानावर पडतं. मग ती फोन कशाला उचलेल? तुमच्या तीस वर्षांबद्दल मला आदर आहे. पण तुमच्या पाठीशी युनियन होती, बदलीचा अर्ज करता येत होता, साहेबही बदलून जात. हिच्या पाठीशी फक्त तुम्ही आहात, आणि तुम्ही साहेबांच्या बाजूने बोलताय.

आधी एवढंच विचारा, तेही तिच्या आईने विचारलं तर बरं : रात्रीचे फोन कामाचेच असतात ना? तसं नसेल, तर नुसत्या कडक साहेबाचा हा प्रश्न राहत नाही. 2013च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. लेखी तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते. तिथे बाँडचा विचार करत बसू नका.

फोन कामाचेच असतील, तर साहेबांवरही कस्टमरचा दबाव असणार. चूक नेमकी दाखवणारा साहेब आवाज चढवत असला तरी त्याच्याकडून शिकता येतं. ऑपरेटरांसमोर अक्कल काढणारा, रिपोर्ट फेकणारा काहीच शिकवत नाही. तिने तोंडी सूचना त्याच दिवशी मेलवर आणाव्यात : ‘आपण सांगितल्याप्रमाणे हा लॉट पास केला आहे.’ क्वालिटीत हे फार गरजेचं आहे, कारण माल रिजेक्ट होऊन परत आला की पहिलं बोट ज्युनिअरकडे जातं. ‘सर, चूक असेल तर केबिनमध्ये सांगा,’ हे एकदा शांतपणे बोलून पाहावं. फरक पडला नाही, तर एचआरकडे दुसऱ्या विभागात बदली मागावी. तुम्ही मात्र साहेबांना फोन करू नका. तिची उरलीसुरली पतही जाईल.

आता बाँड. नोकरी सोडली एवढ्यावरून पोलीस केस होत नाही, ही दिवाणी बाब आहे. या भीतीपोटी कितीतरी मुलं नको त्या जागी दिवस काढतात. उलट मित्रमंडळी ‘बाँडला काही अर्थ नसतो’ म्हणतात, तेही चूक. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची दोन लाखांची अशी अट वैध ठरवली आहे. पण लिहिलेली रक्कम आपोआप पूर्ण द्यावीच लागते, असंही नाही. करार कायद्याच्या कलम 74 नुसार ती कमाल मर्यादा असते, भरपाई वाजवी असावी लागते. कंपनीने प्रशिक्षणावर खरंच किती खर्च केला, हा प्रश्न तिथे येतो. कागद वकिलाला दाखवा. मूळ गुणपत्रिका कंपनीने ठेवून घेतल्यात का, तेही विचारा.

एमपीएससी तिला मनापासून हवी असेल तर जरूर करावी, साहेबाला कंटाळून नको.

या रविवारी चाकणला जाऊन या. सल्ला न देता ऐका. जेवण नीट जात नसेल, झोप उडाली असेल, तर बाँडचे पैसे भरायची तयारी ठेवून तिला तिथून बाहेर काढा. तब्येत बरी असेल, तर दुसरी नोकरी हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नये. आणि पुढचं पत्र तिला स्वतः लिहू द्या.