शब्दशंका : ‘फास्ट’, ‘क्विक’ आणि ‘हेस्टी’

प्रश्न : विम्याच्या दाव्यासंबंधी कंपनीला पाठवायच्या इंग्रजी अर्जात मी ‘हेस्टी ॲक्शन’ घ्यावी, अशी विनंती केली होती. माझ्या मुलीने तो शब्द खोडून ‘प्रॉम्प्ट’ लिहिला. माझ्याजवळच्या शब्दकोशात फास्ट, क्विक, रॅपिड, स्विफ्ट आणि हेस्टी या पाचही शब्दांपुढे ‘जलद’ असाच अर्थ दिला आहे. मग माझे चुकले कोठे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या मुलीची दुरुस्ती योग्य आहे. शब्दकोशातील अर्थ खोटा नाही, पण अपुरा आहे. मराठी बोलताना आपण असे भेद रोज पाळतो. ‘भरभर चाल’ आणि ‘चटकन उठ’ असे आपण म्हणतो, ‘भरभर उठ’ असे म्हणत नाही, कारण चालणे काही काळ सुरू राहते आणि त्याला गती असते, तर उठणे क्षणात संपते. फास्ट आणि क्विक यांच्यातही बहुतांशी हाच फरक आहे. फास्ट बोलरच्या चेंडूला वेग असतो. क्विक सिंगल म्हणजे क्षेत्ररक्षक चेंडूपर्यंत पोहोचण्याआधी चटकन काढलेली धाव. अर्थात ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे, कारण इंग्रज समालोचक वेगवान गोलंदाजाला ‘क्विक’ही म्हणतात.

फास्टचा मूळ अर्थ ‘घट्ट, पक्का’ असा होता. कापडाचा रंग फास्ट आहे, असे दुकानदार सांगतो तेव्हा त्याच्या तोंडी तोच जुना अर्थ असतो. हा शब्द क्रियाविशेषण म्हणूनही जसाच्या तसा वापरतात. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे ‘फास्टली’ हे रूप प्रमाण इंग्रजीत चालत नाही.

क्विकची कुळकथा मला अधिक मोलाची वाटते. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘जिवंत’ असा होता आणि संस्कृतातील ‘जीव’ हा त्याचा दूरचा भाऊबंद आहे. पारा चांदीसारखा दिसतो आणि सजीवासारखा पळतो, म्हणून तो क्विकसिल्व्हर. नख फार खोल कापले की आतल्या ज्या हुळहुळ्या मांसाला इजा होते, त्याला आपण जिव्हाळी म्हणतो आणि इंग्रज क्विक म्हणतात. एखादे बोलणे आपल्या जिव्हारी लागते. इंग्रजीत ते ‘क्विक’पर्यंत कापत जाते. म्हणूनच क्विकमध्ये नुसती गती नसते, जिवंतपणाची चपळाई असते, आणि हुशार मुलाला इंग्रजीत क्विक म्हणतात, फास्ट म्हणत नाहीत.

रॅपिड हा शब्द एकामागून एक झपाट्याने होणाऱ्या बदलांना किंवा हालचालींना शोभतो. स्विफ्टमध्ये वेगाबरोबर सहजता आहे. पाकोळी या पक्ष्याचे इंग्रजी नाव तेच आहे.

हेस्टीची गोष्ट मात्र निराळी आहे, कारण तो शब्द गतीपेक्षा करणाऱ्याच्या मनाविषयी अधिक सांगतो. क्विक डिसिजन म्हणजे चटकन घेतलेला निर्णय, आणि तो उत्तमही असू शकतो; हेस्टी डिसिजन म्हणजे उतावीळपणे, मागचापुढचा विचार न करता घेतलेला निर्णय. ‘मोर हेस्ट, लेस स्पीड’ ही इंग्रजी म्हण आज ऐकणाऱ्याला बुचकळ्यात टाकते. घाई वाढली तर वेग कमी कसा होईल? याचा उलगडा असा की, स्पीड या शब्दाचा जुना अर्थ ‘यश, भरभराट’ असा होता, म्हणजे जितकी घाई अधिक तितके यश कमी. आपल्या घाटरस्त्यांवरच्या ‘अति घाई संकटात नेई’ या पाटीजवळच ती म्हण जाऊन पोहोचते. हरी या शब्दात असा दोष अध्याहृत नसतो. ‘मी हरीमध्ये आहे’ याचा अर्थ ‘मला घाई आहे’ एवढाच होतो. रश मात्र जपून वापरावा, कारण लोकलला रश आहे असे म्हणताना आपण फक्त गर्दी सांगतो, तर इंग्रजीत त्यात धावपळ आणि दडपणही येते.

आता आपल्या अर्जाविषयी. ‘हेस्टी ॲक्शन’ मागणे म्हणजे कागदपत्रे नीट न पाहताच दाव्याचा निकाल लावा, असे सांगणे होय, आणि असा निकाल आपल्या विरुद्धही लागू शकतो. प्रॉम्प्ट म्हणजे विनाविलंब, तत्परतेने. अर्ज आधीच कोठे अडून राहिला असेल, तर एक्सपेडाइट हे क्रियापद त्याहून नेमके ठरेल, कारण ज्या लॅटिन शब्दापासून ते आले, त्याचा मूळ अर्थ अडकलेला पाय मोकळा करणे असाच आहे.